भाऊजी आळशी नव्हते

मैत्रिणींनो, सकाळचे दहा वाजलेत, तुमची धुणीभांडी उरकलीत, आणि घरातला एक धडधाकट पुरुषमाणूस अजून भिंतीकडे तोंड करून अंथरुणात पडलाय. काय म्हणाल तुम्ही? मी म्हणत असे, "बरं जमतं बाई लोळायला!" तोंडावर नव्हे, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने, भांडी आपटत.

ते माझे धाकटे दीर. चार वर्षांपूर्वी त्यांना स्किझोफ्रेनिया झाला. छिन्नमनस्कता म्हणतात ना, तोच. कानात आवाज येत, शेजारी पाळत ठेवतात असे वाटे. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो, पण निदान हा आजार आहे हे सगळ्यांना दिसत तरी होते. औषधे सुरू झाली, दोन-अडीच महिन्यांत आवाज थांबले, सासूबाईंनी देवीची ओटी भरली.

आणि मग हे असे. दाढी नाही, आंघोळ नाही, विचारले तर एका शब्दात उत्तर. एकेकाळी गणपतीत रात्र रात्र पेटी वाजवणारा माणूस, पण आता पेटी माळ्यावर. आजार गेला आणि आळस उरला, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली. पाहुण्यांनी भर घातली, "लग्न करून द्या, आपोआप हालचाल करील!" कुणाच्या तरी लेकीच्या गळ्यात औषध म्हणून बांधायचे की काय!

एकदा मीच त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि तक्रारींचा पाढा वाचला. डॉक्टर म्हणाले, "बाई, आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं. यांना विचारा, त्यांना मजा येते का?" मी विचारले नाही, पण भाऊजींच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. मजा कसली!

इच्छा आटणे, आनंद ओसरणे हाही याच आजाराचा भाग. स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९०८ साली आजाराला हे नाव दिले, त्याच्याही आधी डॉक्टरांनी या गोष्टीची नोंद केलेली होती. आजची औषधे आवाज आणि संशय पुष्कळ आवरतात, पण या मरगळीवर त्यांचा तेवढा उपयोग होत नाही. कधी औषधानेच सुस्ती आलेली असते, कधी आत नैराश्य असते, कधी आवाजांच्या भीतीने माणूस बाहेर पडत नाही. म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही हं, डॉक्टरांना सांगायचे. त्यांना गोळी किंवा तिचे प्रमाण बदलता येते.

पण मला सगळ्यात पटले ते पुढचेच. चार वाजता बटाटेवड्याची नुसती आठवण आली की आपल्या तोंडाला पाणी सुटते, आणि त्या आगाऊ गोडीपायीच आपण उठून कढई चढवतो. या आजारात ती आगाऊ गोडीच येत नाही. वडा प्रत्यक्ष तोंडात पडला, तर तो पुष्कळदा तुमच्याआमच्याइतकाच चविष्ट लागतो. अमेरिकेत अ‍ॅन क्रिंग वगैरे संशोधकांनी हे तपासून पाहिले आहे.

म्हणजे मी "भाऊजी, येताय का मंडईत?" विचारत होते आणि ते "नको" म्हणत होते, ते खरेच सांगत होते की! इच्छा विचारायची आणि नाही म्हटले की रागवायचे, हा माझा खाक्या.

मग मी विचारणेच कमी केले. आंघोळीवरून बोलायच्या ऐवजी, "पाणी काढलंय, टॉवेल दारावर आहे." मटारांचे ताट दोघांच्या मध्ये ठेवायचे आणि मी आधी सोलायला लागायचे. कधी ते हात लावत, कधी नाही. नाही लावला तर ताट उचलायचे, बडबड करायची नाही. (हे शेवटचे मला सर्वांत जड गेले. शाळेत दुपारची दोन तास शिकवते, त्याची सवय.) सासूबाईंचे तर उलटच, त्या घास भरवायच्या बाकी होत्या! १९७६ साली लंडनच्या व्हॉन आणि लेफ यांनी घरोघरच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा जिथे सतत टोमणे किंवा नको इतकी काळजी, तिथे आजार जास्त उलटलेला आढळला. एका घरात आम्ही दोघी दोन्ही प्रकार चालवत होतो.

तुमच्या गावात डॉक्टर नसतील तर १४४१६ या नंबरावर फोन करा. ही टेलि-मानस नावाची सरकारी सोय २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत.

गेल्या महिन्यात मुलीला शाळेत गाणे म्हणायचे होते. मी पेटी खाली काढली, पुसली आणि भाऊजींसमोर ठेवली. "हिला काळी चारचा सूर धरा जरा." बराच वेळ काही नाही. मग भाता हलला. दहा मिनिटे वाजवले त्यांनी, एकदा मुलगी चुकली तेव्हा हसलेसुद्धा.

"बरं वाटलं का?"

"हो वहिनी, छान वाटलं."

मला वाटले, आता उद्या आपणहून काढतील. कुठले काय! दुसऱ्या दिवशी पेटी होती तिथेच. संध्याकाळी मीच ती पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली, मुलीला हाक मारली. आता रोज ठेवते. चारातले दोन दिवस वाजते.