खेळाडू विद्यार्थ्याचा रोज

महाविद्यालयाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला खेळण्याबद्दल पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अजून प्रश्न म्हणून फारसा मांडलाच गेलेला नाही. स्टाफरूममध्ये मी तो काढला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "मग उद्या काव्यवाचन करणाऱ्यालाही द्या." त्या हसण्यात एक गृहीत होते. खेळ ही हौस आहे आणि हौसेला मोल नसते. हे गृहीत आले कुठून, ते कोणाच्या सोयीचे आहे आणि सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात ते कोणाला महाग पडते, हे पाहण्यासाठी हा लेख.

'हौशी खेळाडू' ही कल्पना आपण इंग्रजांकडून घेतली. लंडनमध्ये १८६६ साली अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लब स्थापन झाला. त्याने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली तीत पैशासाठी खेळणारा तर बसत नव्हताच. पण कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर हेही बसत नव्हते. म्हणजे आयुष्यात खेळून एक पैसा मिळवला नसला तरी, हातांनी काम करून पोट भरतो एवढ्यावरून माणूस स्पर्धेला अपात्र. व्यवसायावरून माणसाची पायरी ठरवणारा नियम कसा चालतो हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे पाळला जात होता. एकाच संघातले खेळाडू, पण कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या. शुद्धाशुद्धतेचा विचार फक्त मनुस्मृतीतच सापडतो असे नाही.

या नियमाचा बळी म्हणून जिम थॉर्पचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील मूलनिवासी जमातीचा हा तरुण कार्लाईलच्या इंडियन स्कूलचा विद्यार्थी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी, पूर्वी कधी तरी थोड्या पैशांवर तो बेसबॉल खेळला होता एवढ्या कारणावरून, दोन्ही पदके काढून घेण्यात आली. श्रीमंत घरची मुले सुट्टीत असेच खेळत, पण खोटे नाव लावून. थॉर्प आपल्या नावाने खेळला. १९८२ साली पदके परत मिळाली तीही सहविजेता म्हणून. एकटा विजेता म्हणून त्याची नोंद व्हायला २०२२ साल उजाडले. थॉर्प १९५३ सालीच वारला होता.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज, जन्म १८७६. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात ते खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम करीत. महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये. तिथे जाळी बांधायची, मैदान आखायचे आणि साहेबांना सराव म्हणून चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेगला बाद केले की आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी मात्र त्यांना करू देत नसत. हिंदूंच्या संघात निवड झाली तेव्हा मैदानावर सगळे त्यांनी टाकलेला चेंडू हाताळत, आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत मात्र काँग्रेसला बाळूंची आठवण झाली. बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे करायला उमेदवार हवा होता. बाबासाहेब निवडून आले.)

बाळूंच्या कथेत अपमानाबरोबर एक हिशेबही आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मैदान झाडण्याला मजुरी होती, सराव देण्याला मजुरी होती. सामना खेळणे हा मात्र 'मान' होता. पुढे मुंबईत रेल्वेची नोकरी मिळाली म्हणून ते टिकले. खेळणाऱ्याने खेळाव्यतिरिक्त कशावर तरी जगावे, ही अट त्यांच्यासाठीही होतीच.

आता आजच्या कॉलेजात या. आपल्या विद्यापीठांतून 'कमवा व शिका' ही योजना चालते. तिच्यामागे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा वारसा आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही; माझ्यासारखे अनेक पहिल्या पिढीतले पदवीधर अशा तासांच्या पैशांवर शिकले. या योजनेत विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतो, बागेला पाणी घालतो, कार्यालयात नोंदी करतो, मैदानाची साफसफाई करतो. त्याचे तास मोजले जातात, तासाला पैसे मिळतात. म्हणजे सकाळी मैदानावर फक्की मारून खो-खोची आखणी करणाऱ्या मुलाचा तास भरतो. त्याच मैदानावर संध्याकाळी दोन तास विद्यापीठाच्या संघासाठी घाम गाळणाऱ्या मुलाचा भरत नाही. दोघे एकाच वस्तीतले असतील. कधी कधी तो एकच मुलगा असतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा पुण्याच्या क्लबाचा हिशेब आपण न बदलता चालवला आहे.

त्या दोन तासांची किंमत काय, हे सोलापुरात नीट कळते. स्पर्धांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि विभागीय, आंतरविभागीय, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ असे करीत हिवाळाभर चालतो. नेमक्या त्याच दिवसांत बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि हमालीला पोरे कमी पडतात. लगेच लग्नसराई येते. वाढप्याचे काम, मांडवाचे काम. सरावाला थांबला की त्या दिवसाचा रोज बुडाला. मुलींचे गणित वेगळे आहे, पण सोपे नाही. पूर्व भागात आणि कुंभारीच्या घरकुलांत घरोघरी विड्या वळल्या जातात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवायची, कापायची, वळायची, हजाराच्या हिशेबाने विड्या परत द्यायच्या. सहा वाजेपर्यंत मैदानावर राहिलेली मुलगी म्हणजे आईच्या शेजारची रिकामी जागा. तिच्या आईला खेळाचा तिटकारा नसतो. तिला हजारी पुरी करायची असते. मी स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कबड्डी सोडली ती गुडघा दुखावला म्हणून नव्हे, घरचा हिशेब जुळेना म्हणून. अशी कारणे कोणत्याही महाविद्यालयाच्या अहवालात येत नाहीत. तिथे 'यंदा संघ कमकुवत होता' एवढेच येते.

सोलापूरहून तासाभराच्या अंतरावरचे उदाहरण घ्या. धाराशिवच्या सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. तेव्हा त्यांनी सांगितले की जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवून खेळलो. वृत्तपत्रांनी ही जिद्दीची कहाणी म्हणून छापली. मला ती थकबाकीची नोंद वाटते. त्या दहा वर्षांत त्यांच्या पळण्याचा मान अनेकांनी घेतला. दुसरे जेवण कोणाच्या खात्यावर टाकायचे हे कोणी ठरवले नव्हते.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो, तीही अशीच उलटी सांगितली जाते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि नंतर खाशाबांनी कुस्त्या लावून ते गहाण सोडवायला हातभार लावला. प्राचार्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. परंतु एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते याचा अर्थ, ते काम आपले आहे असे कोणत्याही संस्थेला वाटत नव्हते. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणारे स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. पदकानंतर शासनाने कोटीचे बक्षीस जाहीर केले. आपली रीतच अशी की भाकरी मागणाऱ्याला थांब म्हणायचे आणि जेवून आलेल्याला पंगतीला बसवायचे.

दुसरीकडे अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात लढला गेला, म्हणून तो थोडा समजून घेतला पाहिजे. तिथे कॉलेजचे फुटबॉल आणि बास्केटबॉल हा अब्जावधी डॉलरांचा धंदा आहे. त्या दोन खेळांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे. प्रशिक्षकांना प्रचंड पगार, खेळाडूंना शिष्यवृत्ती आणि 'विद्यार्थी-खेळाडू' ही पदवी. ही पदवी कुठून आली? १९५५ साली कोलोरॅडोतला रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तो कामगार नाही, विद्यार्थी आहे, ही भूमिका महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने त्या काळात घट्ट केली आणि त्यासाठी हा शब्द रुजवला. शब्द सन्मानाचा, काम नुकसानभरपाई टाळण्याचे. 'हरिजन' शब्दाचा अनुभव असलेल्या आपल्याला याचे नवल वाटू नये.

१९६८ साली मेक्सिकोच्या विजयमंचावर मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हेही सॅन होजे कॉलेजचे विद्यार्थीच होते. बूट काढून, काळे मोजे घालून ते उभे राहिले. ते आपल्या लोकांच्या दारिद्र्याची खूण म्हणून. त्यांना स्पर्धेतून घालवून देण्यात आले. ज्या लढ्यातून ते आले त्याच लढ्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुढे २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन संघटनेचे काही निर्बंध बेकायदा ठरवले, आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालये पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटू शकतात. अर्थात तिचा मोठा वाटा फुटबॉलकडे जातो, मुलींच्या वाट्याला थोडाच येतो.

त्यांचा युक्तिवाद जसाच्या तसा आपल्याला चालणार नाही. तिथला खेळाडू नफ्यातला वाटा मागतो. आपल्या आंतरविद्यापीठ सामन्याला तिकीट नसते, दूरदर्शनचा करार नसतो, पुष्कळदा प्रेक्षकही नसतात. म्हणून आपली मागणी नफ्याच्या वाट्याची असू शकत नाही. ती बुडालेल्या रोजाची आहे. अर्थात नफा नाही म्हणजे लाभ नाही असे नव्हे. खेळाडूंनी आणलेली पदके महाविद्यालय मूल्यांकनाच्या अहवालात दाखवते, प्रवेशाच्या फलकावर छापते. राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचे नाव 'अश्वमेध' आहे, हे मला नेहमी सूचक वाटत आले. अश्वमेधात घोडा धावतो, भूमी राजाची होते. घोड्याचे शेवटी काय होते हे नाव ठेवणाऱ्यांना आठवले नसावे.

"त्यांना क्रीडागुण मिळतात, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे," असे उत्तर हमखास येते. आहे. त्या पाच टक्क्यांमुळे गुणवत्ता ढासळते असे मी कोणाकडून ऐकलेले नाही, ही गंमत जाता जाता नोंदवतो. पण हे सारे पुढचे, आणि प्रमाणपत्र मिळवणाऱ्याचे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. ज्याने मैदान पाहिले नाही तो कागद विकत घेऊ शकतो, आणि ज्याने कांद्याच्या गोण्यांसाठी मैदान सोडले त्याच्याकडे कागदही नसतो. 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूंना महिना दहा हजार रुपये खर्चासाठी ठरवले आहेत. चांगली गोष्ट आहे. मात्र ती निवडलेल्यांसाठी. निवडीपर्यंत पोचायचे कसे हा प्रश्न त्याआधीचा.

एक आक्षेप मला खरोखर जड वाटतो. पैसा आला की निवड समितीतली खुर्ची महाग होते. आज संघात कोणाला घ्यायचे यात आडनाव पाहिले जाते की नाही, हे मी सांगायला नको. उद्या त्याला पैशाचेही कारण मिळेल. शिवाय धनाढ्य संस्था शुल्कमाफी आणि वसतिगृहाचे आमिष दाखवून खेळाडू ओढतात, ते अधिकच वाढेल. म्हणून हा पैसा प्राचार्यांच्या मर्जीवर असता कामा नये. कुस्तीला राजाश्रय होता, शाहू महाराजांच्या काळात मल्लांना खुराक मिळे. पण आश्रय देणाऱ्याबरोबर जातो. हजेरीपत्रक राहते. सराव शिबिराच्या आणि स्पर्धेच्या दिवसांचे तास 'कमवा व शिका'च्याच दराने, विद्यापीठाच्या निधीतून, सगळ्या महाविद्यालयांना सारखे, मुलामुलींना सारखे आणि हरल्या-जिंकल्याचा विचार न करता मोजावेत. जिंकल्यावरच द्यायचे ठरले तर ते पुन्हा पोटभर जेवून आलेल्यालाच मिळेल. हे पैसे उत्पन्न धरून भारत सरकारची शिष्यवृत्ती कापली जाऊ नये. मैदानावर हाडे मोडली तर उपचाराचा खर्चही विद्यापीठाचा, नाही तर आपल्याही एखाद्या डेनिसनच्या घरच्यांना 'तो विद्यार्थी होता' असे ऐकावे लागेल.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पावतीवर क्रीडा शुल्काचा रकाना असतो. त्या रकान्यातली किती रक्कम ट्रॅकसूट, उद्घाटनाचा मांडव आणि पाहुण्यांच्या शालीवर जाते आणि किती खेळाडूच्या ताटात, हे विचारण्याचा अधिकार २०१६ च्या विद्यापीठ कायद्याखाली निवडून आलेल्या अधिसभा सदस्यांना आहे. आपले काही कार्यकर्ते आणि प्राध्यापक आज अधिसभांवर आहेत. अर्थसंकल्पाच्या बैठकीआधी प्रश्न लेखी द्यावा लागतो. तो मराठीत दिला तरी चालतो.