लिदीतल्या बियांचा हिशेब

३४५. आकडा तसा छोटाच. काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तरेकडच्या एनडोकीच्या जंगलात दर चौरस किलोमीटरला रानहत्ती रोज सुमारे इतक्या मोठ्या बिया पेरतात. पेरतात म्हणजे फळं खातात, बिया पोटात घेऊन चालतात आणि लिदीबरोबर टाकतात. रोज ३४५ म्हणजे वर्षाला सव्वा लाख. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र चार हजार चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. सगळीकडे हाच दर धरला, तर वर्षाला पन्नास कोटी बिया होतात!

२०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ३३ कोटी रोपं लावण्याचा संकल्प झाला होता. त्यासाठी रोपवाटिका, पिशव्या, खड्डे, ट्रक आणि अख्खी सरकारी यंत्रणा कामाला लागली होती. बी म्हणजे रोप नव्हे, हे खरं. शंभरातली एखादीच तगत असेल. पण हत्तींची ही पेरणी दरवर्षी, न चुकता, हजारो वर्षं चालत आली आहे.

हे काम उलगडण्यासाठी संशोधक स्टीफन ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिदीचे ८५५ ढीग तपासले. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हत्ती दिवसाला शंभर किलोंहून जास्त चारा-फळं खातो आणि त्यातलं निम्मंही त्याला धड पचत नाही. हे अर्धवट पचनच जंगलाच्या पथ्यावर पडतं. ताज्या लिदीत चोथा असतो, ओल असते, ऊब असते आणि मधे अख्ख्या बिया. शेणकिडे त्यातला काही भाग मातीत गाडतात. काही आठवड्यांनी पाहावं, तर त्याच ढिगातून कोवळ्या रोपांचा झुबका वर आलेला असतो. खत आणि बियाणं एकदमच पोचतं.

आणि पोचतं ते किती लांब! बहुतेक बिया आईच्या झाडापासून किलोमीटरभर तरी दूर जातात. सर्वात लांबचा अंदाज आहे ५७ किलोमीटरचा. सीएसएमटीहून लोकलने कल्याण साधारण ५४ किलोमीटर. सीएसएमटीला गिळलेली बी कल्याणच्याही पुढे रुजावी, तसं हे झालं. हे अंतर बीसाठी जीवनमरणाचं असतं. आईच्या सावलीत पडलेल्या बियांवर किडे, बुरशी आणि उंदीर तुटून पडतात. तिथून निसटली, तीच वाचते.

लहान बिया माकडं नेतात, धनेश नेतात. पण काही फळं हत्तीवाचून कोणाच्याच कामाची नसतात. ओम्फालोकार्पम नावाच्या झाडाला फणसासारखी थेट खोडालाच फळं लागतात. त्यांचं कवच इतकं टणक, की दुसऱ्या कुणाची डाळ शिजत नाही. हत्ती येतो, खोडाला कपाळाने धडका देतो, फळ पाडतो, फोडतो आणि खातो. झाडाने जणू एकाच गिऱ्हाइकासाठी दुकान मांडलेलं असावं.

हे गिऱ्हाईकच आता संपत चाललं आहे. २००२ ते २०११ या काळात मध्य आफ्रिकेतले ६२ टक्के रानहत्ती नाहीसे झाले. मुख्य कारण, हस्तिदंतासाठी होणारी शिकार. गॅबनमधल्या मिंकेबे या एकाच उद्यानाने २००४ ते २०१४ मध्ये सुमारे २५ हजार हत्ती गमावले. भागाकार केला, तर दहा वर्षं, रोज, जवळजवळ सात हत्ती. २०२१ मध्ये आफ्रिकी रानहत्तींच्या या प्रजातीची नोंद अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांत झाली. ३१ वर्षांतली घट ८६ टक्क्यांहून जास्त होती.

शिकार आज थांबली, तरी घट लगेच भरून निघणार नाही. रानहत्तीण पहिलं पिल्लू देते तेव्हा तिचं वय साधारण २३ असतं आणि पुढचं पिल्लू पाच-सहा वर्षांनी येतं. कळप दुप्पट व्हायला सुमारे ६० वर्षं लागतात. मारायला एक गोळी पुरते. भरपाईला माणसाचं एक आयुष्य.

हा प्रश्न एकट्या मध्य आफ्रिकेचाही नाही. पक्षी आणि सस्तन प्राणी घटल्यामुळे, बदलत्या हवामानाबरोबर जागा बदलण्याची, प्राण्यांकरवी बिया पसरवणाऱ्या वनस्पतींची क्षमता जगभरात ६० टक्क्यांनी कमी झाली आहे, असं २०२२ मधलं संशोधन सांगतं. तापमान वाढलं, की झाडांच्या पुढच्या पिढीने थंड जागी सरकायला हवं. पण झाडाला पाय नसतात. त्याचे पाय म्हणजे ही जनावरं.

वरून, विमानातून पाहिलं तर मध्य आफ्रिकेतलं हे जंगल आजही घनदाट, हिरवंगार दिसतं. आपण फसतो ते इथेच. आज उभे असलेले कित्येक वृक्ष आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या हत्तींनी पेरलेले आहेत. ते उभे आहेत म्हणून आपल्याला सगळं ठीक वाटतं. आजच्या न झालेल्या पेरणीचा हिशेब आपल्या नातवंडांच्या वाट्याला येईल. म्हणून झाडावर कुऱ्हाड पडू दिली नाही, एवढ्याने जंगल वाचत नाही. त्याच्या बिया वाहणारं जनावरही वाचायला हवं.

तोवर ओम्फालोकार्पमला फळं लागतच राहतील. पिकतील, खोडाशीच पडतील, आणि आईच्या सावलीतच कुजून जातील.