लोककला आणि नागरिकाचे कर्तव्य

बल्लारशाहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी वर्धा नदी ओलांडते, सिरपूर-कागजनगर मागे टाकते आणि मंचेरियालच्या अलीकडे बेल्लमपल्ली येथे थांबते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात व २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात असलेले हे गाव सिंगरेणीच्या कोळशावर वाढले. आपल्या चांदा धर्मप्रांतातूनच १९९९ साली आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला, म्हणून हा मुलूख आपल्याला परका नाही.

जुन्या खाणींपैकी अनेक आता बंद पडल्या आहेत. कोणत्याही मजूरवस्तीत ऐकू येते तेच गाऱ्हाणे अशा गावांतही असते: पाणी, गटार, दारू, थकलेली मजुरी. हे गाऱ्हाणे घरोघर असते. सभेत उभे राहून ते मांडणारा मात्र विरळा. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. फलकावरची सूचना वाचता येत नाही, कचेरीची भाषा उमगत नाही आणि आपल्यासारख्याने बोलावे तरी कसे, हा संकोच जन्मभर सुटत नाही.

वाचकहो, हा संकोच घालविण्याचे एक साधन आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. तेलुगू मुलखातील बुर्रकथा पाहा. मध्ये तंबोरा घेतलेला मुख्य कथेकरी, दोन्ही बाजूंना ढोलकी वाजविणारे दोन साथीदार. एक साथीदार हसवितो. दुसरा कथेचा धागा पकडून चालू काळातील कारभारावर बोलतो. राजाराणीच्या गोष्टीतही गावचा प्रश्न विचारावयास तेथे हक्काची जागा राखलेली असते. आपला तमाशातील सोंगाड्या आणि नाथांचे भारूड यांचे नाते याच घराण्याशी आहे. जे उघड बोलण्यास मनुष्य धजत नाही, ते सोंगाच्या आडून बोलता येते. आणि एकदा चारचौघांत बोलले गेले की त्याची भीती निम्मी ओसरते.

परंतु केवळ ऐकून कोणी नागरिक होत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना हे पुरते ठाऊक होते. बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊनच. दिवसभर रस्ते झाडावयाचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावयाचे, असा त्यांचा क्रम. कीर्तनातही ते उपदेशापेक्षा प्रश्नच अधिक विचारीत आणि समोरच्या शेतकऱ्यांकडून, मजुरांकडून मोठ्याने उत्तर वदवून घेत. ज्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिले, त्याला दुसऱ्या दिवशी घाणीकडे पाठ फिरविणे जड जात असे.

याहून अलीकडचे उदाहरण नेल्लोर जिल्ह्याचे. १९९० नंतर तेथे साक्षरतेची मोहीम निघाली. कलाजथे गावोगाव गाणी व नाटुकली करीत हिंडले आणि रात्रीचे वर्ग भरू लागले. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या संसाराची कथा वर्गात वाचताना स्त्रियांना ती आपलीच वाटली. दुबगुंटा गावच्या बायकांनी दारूचे दुकान बंद पाडले. १९९२ साली हे लोण जिल्हाभर पसरले. ठेक्यांचे लिलाव अडविले गेले. अखेर १ ऑक्टोबर १९९३ पासून सबंध आंध्र प्रदेशात ताडी नव्हे, तर ‘सारा’ म्हणजे गावठी दारू बंद झाली. त्या वेळी बेल्लमपल्लीही त्याच राज्यात होती. पुढे १९९५ साली आलेली संपूर्ण दारूबंदी १९९७ साली शिथिल झाली, हेही सांगितले पाहिजे. मिळविलेले राखावयास जागरूकता लागते. ती एका मोहिमेने कायमची येत नाही.

निवडणुकीच्या हंगामातही गाणारे येतात. गाडीवरून गाणे वाजते, लोक ऐकतात आणि घरी जातात. तेथे प्रश्न नसतो, फक्त आर्जव असते. प्रभू येशूची रीत याहून निराळी. चांगल्या शमरोन्याचा दाखला सांगून झाल्यावर त्याने निर्णय स्वतः दिला नाही. तिघांपैकी शेजारी कोण ठरला, हे शास्त्र्यालाच विचारले आणि उत्तर मिळताच त्याला तसेच करावयास पाठविले. कथा, प्रश्न आणि कृती या तीन पायऱ्यांतील एकही गाळून चालणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मतदानाचा हक्क बजावणे हे कर्तव्यही असल्याचे ख्रिस्ती जनांस बजावले. १९९३ पासून ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. तेव्हा आपल्या धर्मग्रामाच्या सणाला मुले नाटुकले बसवितील, तेव्हा एखादे आपल्याच आळीतील नळाचे असू द्या. पडदा पडल्यावर टाळ्यांपूर्वी एकाने उठून विचारावे, “आता अर्ज कोण लिहिणार? बरोबर कोण येणार?” आणि ज्या आजीबाईंनी आजवर सभेत तोंड उघडले नाही, त्यांचा हात वर होईपर्यंत आपण थोडे थांबावे.