मुंबईजवळच्या डोंगरवाटा

मुंबई समुद्राच्या कांठीं वसली आहे, ही गोष्ट तेथील प्रत्येक घराला ठाऊक असते. ती सह्याद्रीच्या पायथ्याजवळहि वसली आहे, हें मात्र बहुतेकांना उपनगरी गाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असतें. कल्याण मागें पडून गाडी कर्जतकडे वळली, म्हणजे उजव्या हाताला डोंगरांची एक निळसर रांग दिसूं लागते आणि पुष्कळ वेळ सोबत करते. कर्जत हें मुंबईपासून लोहमार्गानें सुमारें १०० किलोमीटर. सकाळच्या गाडीनें निघालेला मनुष्य दिवसभर डोंगरांत हिंडून रात्रीं स्वतःच्या घरीं जेवावयास परत येऊं शकतो. असें भाग्य जगांतील फार थोड्या मोठ्या शहरांना लाभलें असेल.

या भाग्याचा उपभोग घेणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु डोंगर हा उद्यानासारखा मनुष्यानें आखलेला नसतो. त्याची घडण समजून घेतली, तर वाट कोठून जाईल, पाणी कोठें सांपडेल आणि पाऊल कोठें टाकूं नये, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तेथेंच मिळतात. ती समजून न घेतां गेलेला मनुष्य पुष्कळदां नुसता दमून परत येतो, आणि कधीं कधीं परत येतच नाहीं.

सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. त्यानें शंकूसारखे उंच ज्वालामुखी उभारले नाहींत. तो पातळ रसासारखा दूरवर पसरला आणि थिजला. कालांतरानें त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. अशा थरांनीं बनलेल्या खडकाला भूगर्भशास्त्रांत ‘ट्रॅप’ म्हणतात. ज्या स्वीडिश शब्दापासून हें नांव आलें, त्याचा अर्थच जिना असा आहे. यांतील प्रत्येक थर सर्वत्र सारखा कठीण नसतो. त्याचा मधला भाग घट्ट असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळें सच्छिद्र व ठिसूळ झालेला असतो. ऊन आणि पाऊस ठिसूळ भाग झिजवितात. घट्ट भाग तसाच उभा राहतो. म्हणून सह्याद्रीच्या अंगावर उभा कडा, त्याखालीं उतरती किंवा सपाट जागा, त्याखालीं पुन्हा कडा, अशा प्रचंड पायऱ्या दिसतात. सपाटीला पदर किंवा माची म्हणतात, खालीं उतरत आलेल्या डोंगराच्या फांट्याला सोंड किंवा दांड म्हणतात, आणि कड्याला पडलेल्या चिरेला नाळ. हे शब्द पंडितांनीं घडविलेले नाहींत. डोंगरांत राहणाऱ्या लोकांनीं रोजच्या वापरांतून ते घडविले आहेत.

एवढे चार शब्द कळले कीं डोंगरवाटेचें व्याकरण कळलें असें समजावें. वाट पायथ्यापासून एखाद्या सोंडेनें वर चढते. पदरावर पोंचली कीं कड्याच्या पायाशीं आडवी जाते. जेथें कड्याला नाळ असेल तेथून वरच्या पदरावर शिरते. नवखा मनुष्य शिखर दिसलें कीं त्याच्याकडे सरळ चढूं लागतो आणि अर्ध्या तासानें कड्याखालीं अडकून बसतो. वाट आडवी जात आहे म्हणून ती चुकली, असें मानूं नये. बहुधा ती नाळेच्या शोधांत असते.

याचें सर्वांत जुनें उदाहरण नाणेघाट होय. कल्याणहून मुरबाडमार्गें गेल्यास वैशाखरे गांवाच्या पुढें ही वाट लागते. सोपारा व कल्याण या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वीं याच चिरेंतून घाटावर चढत असे. माथ्याजवळच्या कोरीव गुहेंत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील शिलालेख आहे, आणि बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता, अशी समजूत आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या व्यापाऱ्यानें जी नाळ निवडली, तीच आजहि पायीं जाणाराला सोयीची वाटते.

ज्याला एकाच दिवसांत ही सारी रचना पाहावयाची असेल, त्यानें कर्जतहून राजमाचीला जावें. कर्जतपासून कोंदिवड्यापर्यंत वाहन जातें. तेथून उल्हास नदीच्या खोऱ्यांतील झाडींतून चढत गेलें कीं पहिल्या मोठ्या कड्याच्या पोटांत कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं लागतात. येथील चैत्यगृहाचें दर्शनी काम लांकडी इमारतीच्या धर्तीवर दगडांत कोरलेलें आहे. एका मूर्तीच्या मस्तकाजवळ कान्हाचा शिष्य बलक यानें हें काम केल्याची नोंद आहे. प्राचीन काळच्या कारागिराचें नांव असें क्वचितच हातीं लागतें. लेण्यांवरून पुढें वाट कड्याला वळसा घालून चढते, आणि दोन-तीन तासांत उधेवाडी नांवाच्या गांवांत पोंचते. ही राजमाचीची माची. तिच्यावर श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत, आणि मधल्या खिंडींत भैरवनाथाचें देऊळ आहे. श्रीवर्धन सुमारें ३,००० फूट उंच असून मनरंजन त्याहून कांहींसा कमी आहे. श्रीवर्धनावर उभें राहिलें म्हणजे बोरघाटाचा परिसर आणि उल्हासचें खोरें पायांखालीं पसरलेलें दिसतें, आणि शिवाजी महाराजांनीं १६५७ मध्यें हा किल्ला कां घेतला हें निराळें सांगावें लागत नाहीं. १८६३ मध्यें याच घाटांतून आगगाडी वर चढली. ज्याला चढण नको असेल, त्याला लोणावळ्याहून सुमारें १५ किलोमीटरांची बरीचशी सपाट वाट आहे; ती लांब आहे, पण दमविणारी नाहीं.

आतां पाण्याविषयीं. कठीण कातळांत पाणी सहजासहजीं झिरपून जात नाहीं, हें प्राचीनांनीं ओळखलें होतें. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. येथील खडक ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे यांपासून झालेला आहे. लेण्यांना जोडून पाण्याचीं टाकीं कोरलेलीं असून, छतावरचें पावसाचें पाणी पन्हाळींतून त्यांत आणलें आहे. भिक्षूंची वस्ती तेथें शतकानुशतकें टिकली, ती या टाक्यांच्या बळावर. विहार तलाव १८६० मध्यें आणि तुळशी तलाव १८७९ मध्यें याच डोंगरांत बांधले गेले, तेव्हां मुंबई शहरानेंहि तीच युक्ति मोठ्या प्रमाणावर केली, असें म्हणतां येईल. उद्यानाच्या दरवाज्यापासून लेण्यांपर्यंतची सुमारें ६ किलोमीटरांची सावलीची सडक लहान मुलांनाहि चालतां येते. मात्र आंतील रानवाटांना वनखात्याची परवानगी लागते. या रानांत बिबळ्यांची वस्ती आहे, आणि ती परवानगी केवळ उपचार नव्हे.

किल्ल्यांवरहि तीच गोष्ट दिसते. पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा सुमारें १२५ फूट उंचीचा सुळका अंगठ्यासारखा उभा आहे. त्याच्या बुडाशीं कोरीव टाकीं आहेत. १९६८ पासून हा परिसर पक्ष्यांचें अभयारण्य असल्यामुळें, पहांटे लवकर जाणाराला चढणीचा शीण कळतच नाहीं. सुळक्यावर मधमाश्यांचीं पोळीं असतात, तेथें आरडाओरडा किंवा धूर करूं नये. आंबिवली गांवावरून चढणाऱ्या पेठच्या किल्ल्यावर, ज्याला कोथळीगड असेंहि म्हणतात, तर सुळक्याच्या पोटांतूनच जिना कोरून वर नेला आहे. जुन्या टाक्यांतील पाणी सर्वत्र पिण्याजोगें राहिलेलें नाहीं. म्हणून माणशीं दोन-तीन लिटर पाणी घरूनच घ्यावें. टाकें पाहून दुर्गाची योजना समजून घ्यावी. त्यांत पाय बुडवूं नयेत.

वृद्ध मंडळी व लहान मुलें बरोबर असतील, तर माथेरानसारखी जागा नाहीं. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें १८५० मध्यें हें ठिकाण हेरलें, आणि १९०७ मध्यें नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढें तांबड्या मातीच्या, गर्द झाडीच्या वाटा आहेत. येथें चढण चढून झालेली असते. माथ्यावर नुसतें हिंडावयाचें असतें. परंतु ज्यांना ‘पॉइंट’ म्हणतात त्या सर्व जागा म्हणजे त्या प्रचंड जिन्याच्या वरच्या पायरीचे कांठ आहेत, हें मुलांचा हात धरतांना ध्यानांत असावें.

फिरण्याचा खरा हंगाम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. गवत पिवळें झालेलें असतें, हवा कोरडी व दृष्टि दूरवर जाणारी असते. फेब्रुवारी-मार्चांत पळस, पांगारा व काटेसांवर फुलतात. पुढें कोंकणांतील दमट उष्मा असह्य होतो. या दिवसांत सकाळीं दहापूर्वीं चढण संपवावी, आणि वाळल्या गवतांत कोणीं काडी ओढूं नये. एका काडीनें पेटलेला वणवा रात्रभर जळतो. मेच्या अखेरीस करवंदें व जांभळें पिकतात आणि पहिल्या पावसाच्या आधीं झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात.

शहरांतील तरुणांना मात्र सर्वांत अधिक ओढ लागते ती पावसाळ्याची, आणि सर्वांत अधिक अपघात होतात ते याच ऋतूंत. त्याचें कारण पुन्हा त्या पायऱ्यांतच आहे. माथ्यावरच्या विस्तीर्ण सपाटीवर पडलेलें सारें पाणी अखेर एखाद्या नाळेंतूनच खालीं येतें. खालच्या मनुष्याला वर पडलेली सर दिसत नाहीं. घोट्याएवढा ओढा पाहतां पाहतां कमरेएवढा होतो. धबधब्याच्या तळाशीं पाण्यानें कोरलेले खोल डोह असतात, आणि गढूळ पाण्यांत त्यांची खोली कळत नाहीं. कातळावर शेवाळ धरतें. कड्याच्या कांठावर वाढलेलें गवत पुढें झुकतें, आणि जेथें जमीन नाहीं तेथें ती आहे असा भास होतो. धुक्यांत तर दहा पावलांपलीकडचें दिसत नाहीं. अलीकडे जिल्हाधिकारी पावसाळ्यांत कांहीं धबधब्यांवर व किल्ल्यांवर जाण्यास मनाई करितात, तेव्हां पुष्कळांना तो आनंदावर घातलेला घाला वाटतो. वस्तुतः पावसाळा पाहावयाचा तर पायथ्याच्या गांवांतून, रुंद वाटेनें, कड्यापासून व ओढ्यापासून दूर राहूनहि तो तितकाच सुंदर दिसतो.

डोंगराच्या या स्वभावाचें सर्वांत दुःखद स्मरण इर्शाळवाडीचें आहे. चौक गांवाजवळच्या इर्शाळगडाच्या पदरावर ठाकर लोकांची ही लहान वाडी होती. गडावर जाणारे शेंकडों शहरी लोक तिच्या अंगणांतून जात, तेथें पाणी पीत, भाकरी खात. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, कित्येक दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, वरच्या उतारावरची दरड वाडीवर आली. पक्का रस्ता नसल्यामुळें मदत करणारांना अंधारांत, पावसांत पायींच वर चढावें लागलें. २७ जणांचे मृतदेह सांपडले. ५७ जण सांपडलेच नाहींत, आणि चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत या वाडीचें नांव नव्हतें. कड्याखालच्या पदरावर युगानुयुगें दगडमातीचा थर सांचत राहतो. तो पाण्यानें जड व सैल झाला कीं खालच्या कातळावरून घसरतो. ज्या सपाटीमुळें वाडी वसली, ती सपाटी तिच्या जागेवर कायम आहे. परंतु वरचा उतार कायम राहील असें नाहीं.

म्हणून डोंगरावर जाणारानें तेथील वस्तीशीं नातें केवळ पाहुण्याचें ठेवूं नये. परक्या रानांत वाटाड्या घ्यावा तो त्याच गांवचा घ्यावा, आणि त्याला त्याच्या श्रमाचें योग्य मोल द्यावें. पिठलें-भाकरी सांगावयाची ती आधीं निरोप पाठवून सांगावी. नेलेलें सर्व प्लास्टिक परत आणावें, कारण डोंगरावर केर उचलणारा कोणी नसतो. गांवांतील वृद्धानें “आज वर जाऊं नका” असें सांगितलें, तर त्याच्याशीं वाद न घालतां परतावें. त्या एका वाक्यामागें त्याच्या कित्येक पावसाळ्यांचा अनुभव असतो. निघण्यापूर्वीं कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार हें घरीं लिहून ठेवावें, एकट्यानें जाऊं नये, आणि दुपारीं दोन वाजतां जेथें असाल तेथून परत फिरावें, मग शिखर हाताच्या अंतरावर असो. उतरतांना गुडघे दमलेले असतात, उजेड कमी होत असतो, आणि घाईनें पाय घसरतात. अडचण आल्यास ११२ या क्रमांकावर मदत मागतां येते. परंतु ती मदतहि पायींच वर चढून येणार असते, हें विसरूं नये.

शहरांतील मुलांना दरवर्षीं एकदां तरी या वाटांवर न्यावें. प्रथम कान्हेरी, मग माथेरान, मग कर्नाळा, आणि पाय बळावले म्हणजे राजमाची, हा क्रम बरा. कड्याला कडा व पदराला पदर म्हणून ओळखूं लागलेलें मूल पुढें कोणत्याहि डोंगरावर गेलें, तरी आधीं चार क्षण थांबून वाट कोठून गेली आहे तें पाहील, आणि मगच चढूं लागेल.