आधी आजीची वही, मग डीजेची यादी

सांगलीच्या हळदीच्या बाजारात, कराड-साताऱ्याकडच्या लाकडाच्या वखारींत, फलटणच्या पेठेत गुजराती घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. कोणी कच्छचे कडवा पाटीदार, कोणी हुमड जैन, कोणी लोहाणा. दुकानात मराठी, घरात गुजराती असा त्यांचा दिवस जातो. तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या अनेकांना गुजराती बोलता येतं, लिपी मात्र वाचता येत नाही. अशा घरात लग्न ठरलं की संगीताची चर्चा बहुतेक वेळा डीजेच्या दरापासून सुरू होते. ती घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून सुरू व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. गुजराती लग्नाचं खरं संगीत तिच्याजवळ असतं. तोंडपाठ, नाहीतर कपाटातल्या एखाद्या जुन्या वहीत.

गुजराती लग्नात विधी आणि गाणं वेगळं काढता येत नाही. गणेशस्थापनेचं गाणं वेगळं, पीठी म्हणजे हळद लावतानाचं वेगळं. सांगलीकर घरात तर त्या पीठीची हळदही गावचीच असते. मामा भाचीसाठी साड्या-दागिन्यांचं मामेरुं घेऊन येतो, त्याच्या स्वागताचं गाणं असतं. जान म्हणजे वऱ्हाड दारात आलं की सासू जावयाला ओवाळते आणि त्याचं नाक पकडू पाहते. त्या पोंखण्याची गाणी आहेत, फेऱ्यांची आहेत, विदाईची आहेत. आपल्याकडे घाणा भरताना आणि हळदीला बायका ओव्या म्हणत, त्याच जातीचं हे भांडार आहे. झवेरचंद मेघाणी (१८९६–१९४७) सौराष्ट्रात गावोगाव फिरले, बायकांच्या तोंडून लग्नगीतं उतरवून घेतली आणि ‘चूंदडी’ या नावाने त्यांचा संग्रह केला. त्यांचेच समकालीन साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी ‘स्त्री जीवन’मध्ये मराठी ओव्या गोळा केल्या. दोघांनाही एकच धास्ती होती. गाणारी बाई गेली की गाणंही जाईल.

म्हणून कार्यक्रम आखताना पहिली जागा सांजीला द्यावी. लग्नाआधी संध्याकाळी बायकांनी एकत्र बसून लग्नगीतं म्हणायची, ती सांजी. अलीकडे ‘संगीत संध्या’ तिच्यावर कुरघोडी करते. नाच बसवणारा नृत्यशिक्षक येतो, एलईडी पडदा लागतो आणि आजीच्या वाट्याला सुरुवातीची पाच मिनिटं येतात, तीही लोक चहा घेत असताना. सांजी वेगळ्या दिवशी ठेवावी, घरी ठेवावी. एक ढोलकी, एक पेटी, मंजिऱ्यांची एक जोडी पुरते. ध्वनिक्षेपक नको. म्हाताऱ्या आवाजापुढे माईक धरला की तो आवाज बुजतो आणि बाकीच्या बायका नुसत्या ऐकायला बसतात. ही गाणी एकीने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी उचलायची असतात. साथीला माणूस हवाच असेल तर मिरज जवळ आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं (१८७२–१९३७) वास्तव्य लाभलेल्या त्या गावात गाणाऱ्याच्या मागे राहून, त्याचा श्वास ओळखून वाजवण्याची समज अजून आहे, आणि सांजीला नेमकी तीच लागते.

फटाण्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बँड आणि डीजे यांच्यापायी सर्वांत जास्त मरतात ती हीच. फटाणं म्हणजे एका पक्षाच्या बायकांनी दुसऱ्या पक्षाची उघड थट्टा करणारं गाणं. वेवाई म्हणजे व्याही कंजूष, वेवाण नटवी, जावई काळा, वऱ्हाड खादाड असं सगळं त्यात तोंडावर म्हणून दाखवायचं. समोरच्या बायकांनी तिथल्या तिथे उत्तर जुळवायचं. त्यात नावं घालायची असतात, त्या दिवशी घडलेलं घालायचं असतं, त्यामुळे ध्वनिमुद्रित फटाणं लावण्यात काही अर्थ नाही. दोन अनोळखी घरं पहिल्यांदा एकमेकांसमोर उभी राहतात, तेव्हाचा ताण मोकळा करण्याचा याहून शहाणा उपाय मला माहीत नाही. पण वऱ्हाड मांडवाच्या दारात पोहोचतं तेव्हा नेमका बँड टिपेला असतो आणि ते शब्द कोणाच्याही कानावर पडत नाहीत. बँडवाल्याशी ठरवतानाच त्याला सांगावं, की पोंखणं सुरू झालं की वाजवणं पूर्ण बंद, आणि खूण करणारा माणूसही तेव्हाच नेमावा.

मग गरबा. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे नवरात्रातल्या दांडियामुळे तो सर्वांना ओळखीचा वाटतो, पण गाणी निवडताना त्याची लय समजून घेतलेली बरी. गरब्याचा मुख्य ताल हींच, सहा मात्रांचा. तबल्यावरच्या दादऱ्याच्या नात्यातला, पण झोक अगदी वेगळा. पाय आपोआप पुढे पडावा असा. दांडियारास बहुतेक आठ मात्रांच्या केरव्यात चालतो. रात्रीचा क्रम गायकांच्या नावांवरून न ठरवता लयीवरून ठरवावा. आरंभी अंबामातेचे संथ गरबे, त्यावर बे ताळी आणि त्रण ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा आणि तीन टाळ्यांचा गरबा. मराठी पाहुणे याच वेळी रिंगणात शिरू शकतात. पुढे लय चढत जाते, आणि सनेड्यासारख्या गाण्यांची धमाल अगदी शेवटी.

अविनाश व्यास (१९१२–१९८४) यांनी बांधलेले गरबे गुजराती माणूस कुठेही राहिला तरी ओळखतो. ते मध्यावर ठेवावेत. हिंदी चित्रपटातली गाणी वर्ज्य नाहीत. ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) मधलं ढोलाचं गाणं असो की ‘लवयात्री’ (२०१८) मधलं छोगाळा, दोन्हीत गरब्याचीच चाल आहे आणि तरुण मुलं त्यावर जीव ओतून नाचतात. माझा आक्षेप आहे तो दर मिनिटाला गाणं बदलणाऱ्या मिक्सवर. गरब्याचं रिंगण जमायला वेळ लागतो. जमतं न जमतं तोच ताल मोडला, की त्याचे घोळके होतात. ढोली म्हणजे प्रत्यक्ष ढोल वाजवणारा माणूस रिंगणातले पाय पाहून लय वाढवतो आणि कोणी दमलं तर उतरवतोही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर मी एलईडीचा पडदा सोडून ढोली बोलवीन.

वरघोड्याला म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला मात्र गुजरातहून कोणाला आणण्याची गरज नाही. इथली हलगी आहे, सनई आहे, माणदेशातला गजी ढोल आहे. धनगरांचं गजीनृत्यही ढोलाभोवती रिंगण धरूनच होतं. नवरदेवाच्या घोड्यापुढे हा ढोल वाजला तर ती त्या घराच्या इथल्या मुक्कामाची खरी नोंद होईल. गरब्यासाठी तो वापरू नये, त्याची चाल निराळी आहे.

वेळेचा हिशेब दोन गोष्टींनी ठरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. जैन घरात जेवण सूर्यास्तापूर्वी उरकतं. या दोन्हींचं छान जुळतं. साडेपाचला पंगत, सातला गरबा, पावणेदहाला आरती. कार्यालयवाल्याने गाण्यांच्या परवान्याचे पैसे मागितले तर त्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडए) दाखवावं. लग्नाच्या विधींत आणि त्याला जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला त्यात सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसं जाहीरपणे स्पष्टही केलं.

आता गुजराती-मराठी लग्नंही होतात. मंगलाष्टकं दोन्हीकडे आहेत, सावधानही दोन्हीकडे आहे. दोन्ही गुरुजींनी आधी बसून क्रम ठरवला तर हस्तमेळाप म्हणजे वधू-वरांचे हात जुळवणं आणि अक्षता एकाच मुहूर्तावर येतात, आणि त्या क्षणी सनई-चौघडा एकदाच, भरघोस वाजू शकतो. विदाईला मात्र चित्रपटातलं रडवं गाणं लावू नये. रडणाऱ्या माणसांना त्याची गरज नसते; बायका म्हणतील ते म्हणू द्यावं.

हे सगळं जमायला तयारी लागते ती एकच, आणि ती महिनाभर आधी करावी. आजीची वही घेऊन नातवंडांनी तिच्याजवळ बसावं, प्रत्येक गाणं तिच्याकडून म्हणवून फोनवर ध्वनिमुद्रित करावं आणि शब्द देवनागरीत उतरवून घ्यावेत. कोणतं गाणं कोणत्या विधीचं, हे तिलाच विचारून वर लिहावं. त्या पानांच्या प्रती काढून सांजीला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात द्याव्यात, मराठी सुनांच्या आणि शेजारणींच्याही. डीजेला यादी द्यायची ती त्यानंतर, जिथे आजीचं गाणं नाही तेवढ्या वेळेपुरती.