लॉग बघायला एडिटर सोडायची गरज नाही
क्लाउडवर चालणारा प्रोग्राम नजरेआड असतो. तो कुठे अडला हे कळते ते त्याने वेळेसह लिहून ठेवलेल्या नोंदींवरून, म्हणजे लॉगवरून. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस सेवेत या नोंदी क्लाउडवॉचमध्ये जमतात. त्या बघायला ब्राउझर उघडा, लॉगिन करा, रिजन निवडा, हा खटाटोप ‘व्हीएस कोड’ या एडिटरमध्ये ‘एडब्ल्यूएस टूलकिट’ हे एक्स्टेन्शन बसवले की बराच वाचतो. डाव्या पट्टीत लॉग ग्रुप, म्हणजे नोंदींचे गट, दिसतात. हवा तो उघडायचा, काळ ठरवायचा, ‘एरर’ शोधायचे. वाटल्यास नोंदी फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या. ‘लाइव्ह टेल’ सुरू केले तर नवी नोंद येईल तशी समोर उमटते आणि शेजारीच कोड उघडा असतो. खरी सोय ही! फक्त ठरावीक मोफत मिनिटांनंतर तिचे पैसे लागतात.

बिल आणखी एका कारणाने फुगू शकते. मुदत ठरवली नाही, तर क्लाउडवॉच नोंदी कायम जपून ठेवते आणि साठवणुकीचे भाडे चढत राहते. मुदत १ दिवसापासून १० वर्षांपर्यंत ठेवता येते. चाचणीच्या प्रोग्रामला आठवडा पुष्कळ झाला. आणि पासवर्ड, आधार क्रमांक असले काही लॉगमध्ये लिहूच नका; ज्याला लॉग दिसतात, त्याला तेही दिसते.