वादळाच्या मागावर एक आवाज

उन्हाळ्याच्या दुपारी मोकळ्या मैदानात धूळ आणि पालापाचोळा गोल गोल फिरत वर चढताना तुम्ही पाहिला असेल. उर्दूत आपण त्याला बगूला म्हणतो. मराठीत त्याला वावटळ म्हणतात. वावटळ थोडा वेळ नाचते आणि विरून जाते. फार तर दोरीवर वाळत घातलेले कपडे उडतात.

अमेरिकेत मात्र दिसायला वावटळीसारखे, पण अतिशय भयंकर असे एक वादळ होते. त्याला टोर्नेडो म्हणतात. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर चढते. टोर्नेडो मात्र गडगडणाऱ्या मोठ्या ढगातून खाली उतरतो. दक्षिणेकडील मेक्सिकोच्या आखातावरून गरम व दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते आणि उंचावर थंड वारे जोराने वाहत असतात. जमिनीजवळच्या वाऱ्याची दिशा एक आणि उंचावरच्या वाऱ्याची दिशा दुसरी असली, की मधली हवा गिरकी घेऊ लागते. वर चढणारी गरम हवा ही गिरकी उभी करते. मग ढगाखाली हत्तीच्या सोंडेसारखा एक खांब लोंबताना दिसतो. तो जमिनीला टेकला की टोर्नेडो झाला.

आपल्या समुद्रकिनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते. ते किनाऱ्यावर येण्याच्या काही दिवस आधी त्याची सूचना देता येते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काही शे मीटर असते आणि त्याचे आयुष्य काही मिनिटांचे असते. एका गल्लीतील घरे भुईसपाट होतात आणि शेजारच्या गल्लीतील कौलही हलत नाही. म्हणून “वादळ येत आहे” एवढेच सांगून भागत नाही. ते या क्षणी कोठे आहे आणि कोणत्या दिशेने निघाले आहे, हे कळले तरच माणूस जीव वाचवू शकतो.

ही खबर कोणी द्यायची? ३ एप्रिल १९७४ या दिवशी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात ती एका रेडिओ केंद्राने दिली.

लुईव्हिल हे केंटकी राज्यातील, ओहायो नदीच्या काठी वसलेले मोठे शहर आहे. ३ व ४ एप्रिल १९७४ या दोन दिवशी, चोवीस तासांच्या आत, अमेरिकेच्या १३ राज्यांत मिळून जवळजवळ दीडशे टोर्नेडो झाले. तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. लुईव्हिलच्या नैर्ऋत्येला ब्रँडेनबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या दुपारी तेथे ३१ जणांचा बळी गेला.

त्यानंतर थोड्याच वेळात लुईव्हिलवरचे आकाश काळवंडले. शहरात डब्ल्यू.एच.ए.एस. नावाचे रेडिओ केंद्र होते. त्याने आपले नेहमीचे कार्यक्रम थांबवले आणि विमानतळावरील हवामान कार्यालयाशी संपर्क साधला. तेथील प्रमुख हवामानतज्ज्ञ जॉन बर्क थेट प्रक्षेपणात बोलत असतानाच टोर्नेडो खाली उतरला. जवळच्या प्रदर्शन मैदानातील घोड्यांचे बहुतेक तबेले त्याने उद्ध्वस्त केले. मग मोठा रस्ता ओलांडून तो ईशान्येकडे, दाट वस्तीकडे वळला.

या केंद्राकडे एक हेलिकॉप्टर होते. डिक गिल्बर्ट त्यातून रोज फिरत आणि कोणत्या रस्त्यावर वाहनांची गर्दी झाली आहे, हे श्रोत्यांना सांगत. त्या दिवशी त्यांनी आपले हेलिकॉप्टर टोर्नेडोच्या मागावर नेले. तो कोठून कोठे चालला आहे आणि खाली काय काय मोडून पडले आहे, ते वरून पाहून सांगत राहिले. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राची मोठी हानी झाली. तेही त्यांनी वरून सांगितले. विचार करा, ज्या माणसाने रोज वरून हे रस्ते न्याहाळले होते, त्याला संकटाच्या वेळी नकाशा उघडावा लागत नाही. त्याने रस्त्याचे नाव घेतले की ऐकणाऱ्यालाही ते ठिकाण चटकन कळते. स्थानिक रेडिओचे बळ यातच आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच गावचे असतात.

टोर्नेडोने सुमारे ३५ किलोमीटरचा मार्ग कापला. ९०० हून अधिक घरे नष्ट झाली. एक प्राथमिक शाळा बहुतेक जमीनदोस्त झाली. दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली. मृतांची संख्या मात्र तीन होती. हे सारे श्रेय रेडिओचे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ब्रँडेनबर्गचा टोर्नेडो अधिक प्रबळ होता. पण भरवस्तीतून गेलेल्या अशा वादळात लोकांना मिळालेल्या प्रत्येक मिनिटाचे मोल होते, हे कोणीही मान्य करील.

वादळ गेल्यावर रेडिओचे दुसरे काम सुरू झाले. शहराच्या बऱ्याच भागात वीज नव्हती. विजेवाचून दूरदर्शन संच मुका होतो. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर आणि मोटारीतील रेडिओ मात्र बोलत राहतात. या केंद्राची प्रक्षेपणशक्ती ५०,००० वॅट होती, म्हणजे शंभर वॅटचे पाचशे दिवे एकदम लावावेत तेवढी. त्यामुळे त्याचा आवाज राज्यभर पोहोचत होता. लहान गावांतील काही केंद्रे वादळाने बंद पडली होती. तेथील लोकांनाही याच आवाजाचा आधार मिळाला. दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत हे काम चालू होते. पुढे राज्याचे गव्हर्नर वेंडेल फोर्ड यांनी केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा गौरव केला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी गिल्बर्ट यांना प्रशस्तिपत्र दिले.

या केंद्राला अशा सेवेची सवय जुनीच होती. १९३७ साली ओहायो नदीला महापूर आला, तेव्हा अडकलेल्या लोकांकडे होड्या पाठवण्याचे निरोप याच केंद्रावरून रात्रंदिवस दिले जात होते.

या घटनेला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. तरी लुईव्हिलचे लोक ती विसरलेले नाहीत. ही आठवण दोन ठिकाणी जपली गेली आहे. एक म्हणजे चेरोकी पार्क ही शहरातील जुनी बाग. टोर्नेडोने तेथील हजारो मोठी झाडे पाडली. नागरिकांनी पुन्हा नवी रोपे लावली. ती रोपे आज मोठी झाली आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे त्या दुपारच्या प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण. ते आजही ऐकता येते.

माणसाची आठवण आणि ध्वनिमुद्रण यांत फरक आहे. माणूस सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात भीती असते, आईने धरलेला हात असतो, मालगाडीसारखा आवाज असतो. पण वर्षे लोटली की वेळ आणि क्रम यांची गल्लत होते. ध्वनिमुद्रणात वेळ आणि क्रम जसेच्या तसे राहतात. मात्र घराच्या आत काय घडले, हे त्यात नसते. म्हणून गावाचा खरा इतिहास लिहायचा असेल, तर दोन्ही साक्षीदार हवेत.

आज आपल्या हातात मोबाइल आहे. पण मोठ्या वादळात मनोरे कोसळतात, बॅटरी संपते आणि मोबाइलही गप्प बसतो. अशा वेळी एक साधा रेडिओ आणि त्याला लागणारे दोन जादा सेल घरात असावेत. ओळखीच्या आवाजातली खरी खबर माणसाला धीर देते आणि वाटही दाखवते.

शब्दार्थ
वावटळ – बगूला
भुईसपाट, जमीनदोस्त – जमिनीला मिळालेले
प्रक्षेपण – रेडिओवरून कार्यक्रम दूरवर पाठवणे
गल्लत – गोंधळ
साक्षीदार – गवाह

स्वाध्याय
१. वावटळ आणि टोर्नेडो यांतील फरक सांगा.
२. टोर्नेडोची खबर देताना “वादळ येत आहे” एवढे सांगून का भागत नाही?
३. डिक गिल्बर्ट यांचे रोजचे काम संकटाच्या वेळी कसे उपयोगी पडले?
४. “दोन्ही साक्षीदार हवेत” असे लेखकाने का म्हटले आहे?

उपक्रम : तुमच्या गावात पूर, वादळ किंवा भूकंप झाला असेल, तर त्या वेळी खबर कशी मिळाली हे दादा-दादींना किंवा नाना-नानींना विचारा. त्यांची आठवण दहा ओळींत मराठीत लिहा.